अंबेनळीत वर आलेली डिपस्टिक

कापडे गाव मागे पडलं, अंबेनळी घाटाची चढण लागली आणि पद्मिनी गाडी नुसतीच ओरडू लागली. इंजिन भरभरून फिरतंय, गाडी मात्र पुढे सरकेना. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक नळीतून वर आलेली, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडलेल्या ऑइलचा धूर थेट डोळ्यांत. प्रस्तुत लेखकाने चाकामागे दगड लावला आणि महाडला फोन केला.

चूक पंधरा दिवसांपूर्वीची होती. एअर फिल्टर ऑइलने भिजतो, ही तक्रार घेऊन गाडी एका गॅरेजात गेली होती. तिथल्या कारागिराने इंजिनातून फिल्टरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढला आणि इंजिनाकडच्या तोंडात बोल्ट ठोकला. फिल्टर कोरडा राहू लागला. लेखक खूश!

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजच्या भाषेत हे ‘बॅक कॉम्प्रेशन’. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ६८ मिलिमीटर बोअरचं. रिंगा आणि बोअर झिजले की हा वायू वाढतो, आणि घाटात भार आला की आणखी वाढतो. सोबत पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल आणि ऑइलचे बारीक कण असतात. या सगळ्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजवली की दाब कमकुवत जागा शोधतो: डिपस्टिकची नळी, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नाहीतर क्रँकचं मागचं ऑइल सील. लेखकाच्या गाडीत सील गेलं, ऑइल क्लच प्लेटवर उडालं आणि प्लेट घसरू लागली. एका बोल्टपायी गिअरबॉक्स उतरवावा लागला.

फार जुन्या गाड्यांत हा वायू एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडत. विलीज जीपमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच व्हॉल्व्हमार्गे तो पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सोय होती. पुढे धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात १९६१च्या सुमारास नव्या गाड्यांना असे व्हॉल्व्ह बसू लागले. पद्मिनीचा ब्रीदरही फिल्टरमार्गे वायू पुन्हा इंजिनाकडेच नेतो. म्हणजे ऑइलने भिजलेला फिल्टर ही नुसती खूण होती. रोग रिंगांत होता.

रोग रिंगांत की व्हॉल्व्हमध्ये, हे ओळखायला घाटासारखी जागा नाही. चढताना, भार असताना, सायलेन्सरमधून निळा धूर सतत निघत असेल तर संशय रिंगांवर. महाबळेश्वरहून उतरताना बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटर सोडून ठेवला आणि खाली सपाटीला पाय दाबताच निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइड आणि सीलवर. खात्रीसाठी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. ज्याचं कमी भरेल, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर गळती रिंगांतून, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हमधून. हे केल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नये.

त्याआधी फुकटातले उपाय. ब्रीदर पाइप आणि त्यातली जाळी रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवावी. कित्येकदा काजळीच तिथे बोल्टचं काम करत असते. पाइप ऑइल सोसणाऱ्या रबराचा असावा आणि कुठे दुमडलेला नसावा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नये. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ब्रीदरवाटे बाहेर फेकतो.

फिल्टर वाचवायचाच असेल तर पाइपच्या मध्ये ऑइल अडवणारी बाटली बसवावी. तिला आत येणारी आणि बाहेर जाणारी, अशा दोन्ही वाटा हव्यात. आतली जाळी पक्की हवी. जाळीऐवजी घासणीची सुटी तार भरली आणि ती कार्बोरेटरमध्ये गेली तर नवं दुखणं. शिवाय बाटली काढता-घालता येईल अशीच लावावी. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. पद्मिनी हे नाव १९७४चं. पहिल्या गाड्या आता त्या वयात आल्या आहेत.

लेखकाने शेवटी रिंगा बदलल्या, बाटलीही बसवली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यात ऑइलपेक्षा पाणी जास्त निघालं आणि ऑइल कॅपखाली पांढरट साय दिसली. हेड गॅसकेट गेलं की काय, म्हणून आधी रेडिएटर तपासला. पाणी जागेवर होतं. महाड-बिरवाडीच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नव्हतं, आणि आतल्या वाफेचं आतच गार होऊन पाणी होत होतं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा गाडी पोलादपूरपर्यंत जाऊन येते. तिथे चहा होईस्तोवर बॉनेट उघडं असतं, आणि सगळ्यात आधी नजर डिपस्टिककडे जाते.