स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगातील संयुक्त औषधचिकित्सा आणि वैद्याची जबाबदारी

आहारविधीच्या आठ विशेष आयतनांमध्ये चरकाचार्यांनी ‘संयोग’ हे स्वतंत्र आयतन मानले आहे. दोन किंवा अधिक द्रव्ये एकत्र आली असता एकेकट्या द्रव्यात नसलेला गुण वा दोष उत्पन्न होतो, हा त्याचा आशय. मध आणि तूप यांचे उदाहरण विद्यार्थिदशेपासून आपल्या परिचयाचे आहे. स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात आज दिली जाणारी केमोथेरपी हेही संयोगाचेच शास्त्र होय. या चिकित्सेचे स्वरूप समजून घेणे आणि त्यात आपले कर्तव्य कोणते हे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्या दारापर्यंत येतो तो असा. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातील रुग्णाला या उपचारासाठी सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. शिरेवाटे औषध घेऊन तो घरी परततो आणि पुढील आवर्तनापर्यंतचे दिवस गावातच काढतो. या मधल्या दिवसांत ताप आला, जुलाब लागले, अन्न जाईना, तर जवळ असतो तो वैद्य आणि औषधी दुकानदार. त्या वेळी आपण जे देतो ते कशाच्या जोडीला जाते, हे आपणास ठाऊक असलेच पाहिजे.

संयुक्त चिकित्सेची वाटचाल

हा व्याधी आरंभी फारशी लक्षणे दाखवीत नाही. निदान होईपर्यंत तो बहुधा यकृतादी अवयवांत पसरलेला असतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. अशा रुग्णांत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जेमसिटाबिन हे औषध रूढ केले. मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या कालावधीपेक्षा अधिक जगले तो कालावधी, फ्लुरोयुरॅसिलने ४.४ महिने होता. जेमसिटाबिनने तो ५.६५ महिने झाला.

त्यानंतर जेमसिटाबिनला अनेक औषधांची जोड देऊन पाहण्यात आली. एर्लोटिनिबच्या जोडीने (२००७) ५.९ महिन्यांचे ६.२ महिने झाले. लाभ जेमतेम दहा दिवसांचा. औषधांची संख्या वाढली म्हणजे गुण वाढतोच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

खरा पालट २०११ मध्ये झाला. फ्लुरोयुरॅसिल, लिऊकोव्होरिन, इरिनोटेकॅन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन या चौघांचा ‘फॉल्फिरिनॉक्स’ हा योग फ्रान्समधील ३४२ रुग्णांच्या अभ्यासात जेमसिटाबिनशी ताडून पाहण्यात आला. मध्यक आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेले. २०१३ मध्ये जेमसिटाबिन व अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेल या जोडीने ते ६.७ वरून ८.५ महिन्यांवर नेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इरिनोटेकॅनचे लायपोसोमयुक्त रूप वापरलेल्या ‘नॅलिरिफॉक्स’ योगाने ११.१ महिने गाठले. तुलनेच्या जोडीत ते ९.२ महिने होते.

या योगांत प्रत्येक घटकाचे काम निराळे असते. लिऊकोव्होरिन स्वतः कर्कपेशी मारीत नाही. ते फ्लुरोयुरॅसिलची लक्ष्यावरील पकड घट्ट करते. अनुपानाचे महत्त्व जाणणाऱ्या वैद्यास हे सहज उमगेल.

लाभाचे मोल

हे महिने फुकट मिळत नाहीत. फॉल्फिरिनॉक्स घेणाऱ्या सुमारे ४६ टक्के रुग्णांत श्वेतकणांची तीव्र घट आणि सुमारे १३ टक्क्यांत तीव्र अतिसार आढळला. म्हणूनच हा योग तुलनेने सशक्त रुग्णांसाठीच निवडला जातो. मात्रा थोडी वाढली तर विषार आणि थोडी घटली तर निष्फळता, अशा अरुंद सीमेवर ही चिकित्सा चालते. आपले प्रत्येक चूर्ण, गुटी वा आसव हे त्या योगातील पाचवे औषध ठरते, ही गोष्ट आम्ही आग्रहाने मांडू इच्छितो.

कोठे सावध राहावे

ताप : आवर्तनानंतरच्या दिवसांत श्वेतकण घटलेले असतात. अशा वेळी ३८ अंश सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा अधिक ताप ही आणीबाणी होय. त्रिभुवनकीर्ती, महासुदर्शन किंवा पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. ताप दबतो, संसर्ग वाढतो. रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

अतिसार : इरिनोटेकॅनमुळे होणारा अतिसार काही तासांत वा काही दिवसांनीही सुरू होतो. या रुग्णांना सोनामुखी, निशोत्तर, एरंडतेल, त्रिफळा यांसारखी रेचक द्रव्ये कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून देऊ नयेत. शोधनाचा विचारही करू नये. जुलाब लागताच जलसंजीवनी सुरू करून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

पिंपळी व मिरे : त्यांतील पायपेरिन हे यकृतातील ‘सीवायपी ३ए४’ या विकरास रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. इरिनोटेकॅन व पॅक्लिटॅक्सेल यांच्या विघटनात याच विकराचा भाग आहे. प्रयोगशाळेतील परिणाम प्रत्येक रुग्णात तेवढाच दिसेल असे नव्हे. तथापि सीमा अरुंद असताना त्रिकटू वा पायपेरिनयुक्त कॅप्सूल टाळणेच शहाणपणाचे. हे औषधी मात्रेविषयी आहे, स्वयंपाकातील चिमूटभर मिऱ्यांविषयी नव्हे.

हळद : कर्क्युमिन जेमसिटाबिनसोबत रोज ८ ग्रॅम देऊन २०१० मध्ये १७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पाच जणांना पोट फुगणे व दुखणे यामुळे ते थांबवावे लागले.

गुळवेल : २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वादाचा निर्णय काहीही होवो, यकृतावर आधीच भार असलेल्या या रुग्णात ती आपल्या मनाने देऊ नये.

फॉलिक ॲसिड : लिऊकोव्होरिन हे फोलेटचेच रूप आहे. त्यामुळे फॉलिक ॲसिडयुक्त टॉनिक फ्लुरोयुरॅसिल गटातील औषधांचा विषार वाढवू शकते. दुकानदार बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपले कार्य

निषेधांपुरतेच आपले काम नाही. स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडल्याने मळ स्निग्ध, दुर्गंधी व विपुल होतो आणि वजन वेगाने घटते. येथे लंघन घातक आहे. तज्ज्ञांनी लिहून दिलेली पॅन्क्रिएटिन कॅप्सूल जेवणासोबतच घेतली जाते ना, हे पाहावे. उपाशीपोटी घेतल्यास ती वाया जाते. पेया, मऊ भात, मुगाची खिचडी थोडी थोडी, अनेकदा द्यावी. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड पाणी व गार वारा यांनी हातापायांत आणि घशात मुंग्या येतात. कोमट पाणी द्यावे. वेदनाशमनाची औषधे रुग्णाने भीतीपोटी बंद केली असल्यास त्याची समजूत घालावी.

निदानातही आपला वाटा आहे. वेदनारहित वाढती कामला, तिळाच्या पेंडीसारखा फिकट मळ, उतारवयात नव्याने उद्भवलेला मधुमेह आणि वजनातील घट ही लक्षणे एकत्र दिसली तर काढे देत आठवडे घालवू नयेत. सोनोग्राफी व सीटी स्कॅनसाठी त्वरित पाठवावे. शाखाश्रित कामलेचे वर्णन ज्या शास्त्राने केले, त्याच्या अभ्यासकाने हे चिन्ह प्रथम ओळखावे, हेच उचित.

कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये मनाई आहे, याचे स्मरण दुकानातील फलक लावतानाही असावे.

रुग्ण दारी आला की त्याचे केमोथेरपीचे कागद प्रथम पाहावेत, आवर्तनाची तारीख विचारावी, आणि आपण दिलेले प्रत्येक औषध त्याच कागदावर स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढील आवर्तनापूर्वी ते तज्ज्ञांच्या नजरेस येईल. ज्या व्याधीत चिकित्सेचे यश महिन्यांनी मोजावे लागते, तेथे त्यातील एकही दिवस आपल्या अनवधानाने उणा होऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.