मयत झाल्यावर पैसा कुठून येतो, आणि सरण पेटवायच्या आधी काय करायचं



आजचा विषय कोणालाच आवडणार नाही. मागच्या सभेत काढला तर दोन-तीन जण म्हणाले, "सचिवजी, अभद्र कशाला बोलता?" पण ज्या घरात मयत होते त्या घराला रडायलाही वेळ मिळत नाही. लाकडं कुठून आणायची, कपडा कोण आणेल, सोयऱ्यांना फोन कोण करेल, गाडीचं भाडं कोण देईल, हे सगळं एकाच दुपारी अंगावर येतं. मग कोणीतरी सावकाराचं नाव काढतो, आणि त्या दिवशी व्याजाचा दर कोणी विचारत नाही.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपला एक सभासद पहाटे जाळं उचलायला गेला अन् कन्हानच्या डोहात राहिला. दुपारपर्यंत गावानं देह बाहेर काढला. बायको शुद्धीवर नव्हती, पोरं लहान. चार वडीलधारे म्हणाले, आता चिरफाड कशाला, आभाळ भरून आलं आहे, आटपून घ्या. संध्याकाळच्या आत माती झाली. आम्हीही तिथंच उभे होतो आणि आमच्याही तोंडून शब्द निघाला नाही. तेरवी झाल्यावर आम्ही त्या वहिनींसोबत कागद घेऊन फिरलो, तेव्हा प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न होता : पंचनामा कुठं आहे? पोस्टमॉर्टेम कुठं आहे? बुडून मेला हे सारं गाव सांगत होतं, पण गावाच्या सांगण्यावर अपघाताची रक्कम मिळत नाही. ती मिळाली नाहीच. तेव्हापासून आम्ही ठरवलं की हे आधीच सांगायचं, कोणाला अभद्र वाटलं तरी.

तर पहिली गोष्ट. मरण पाण्यात बुडून, डोंगा उलटून, साप चावून, वीज पडून, करंट लागून किंवा रस्त्यावरच्या अपघातानं आलं असेल, तर दहन असो की दफन, त्याच्या आधी पोलिसांना कळवायचं. ११२ ला फोन करा किंवा ठाण्यात माणूस पाठवा. पोलीस मर्ग कायम करतात, पंचनामा करतात आणि देह पोस्टमॉर्टेमला पाठवतात. यात काही तास जातात, कधी रात्र जाते. ते तास फार जड असतात हे आम्हाला माहीत आहे. पण पुढचे जवळजवळ सगळे मोठे पैसे याच तासांवर अवलंबून आहेत. साप चावल्यावर माणूस झाड-फुंक करणाऱ्याकडे नेऊन तिथंच दगावला, तरीही हेच करायचं. लाज वाटून "ताप होता" असं सांगू नका.

देहच मिळाला नाही, पुरात वाहून गेला, तर हरवल्याची तक्रार त्याच दिवशी लिहून द्या आणि तिची नक्कल घरी ठेवा. कायद्यात सात वर्षं पत्ता न लागलेल्या माणसाला मृत मानण्याची तरतूद आहे, पण माणूस कधीपासून गायब आहे हे दाखवणारा पहिला कागद ती तक्रारच असते.

आता पैशाकडे येऊ. मातीच्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात हातात पडावी अशी सरकारी मदत एकच आहे, ती म्हणजे संबल योजनेची अंत्येष्टि सहायता, ५,००० रुपये. मुख्यमंत्री जन कल्याण योजना, जिला आपण सगळे संबल म्हणतो, मध्य प्रदेशात २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये संबल २.० नावानं पुन्हा नोंदणी उघडली. असंघटित मजुरांसाठी ती आहे, आणि मासे मारून पोट भरणारा माणूस त्यात बसतो. वय १८ ते ६०, जमीन एक हेक्टरपेक्षा जास्त नाही, घरात इन्कम टॅक्स भरणारा किंवा सरकारी नोकरीवाला नाही, अशी साधारण अट आहे. अंत्येष्टीचे पैसे ग्रामपंचायतीकडून मिळतात, शहरात नगरपालिकेकडून. नोंदणी असेल तर घरातल्या एकानं समग्र आयडी आणि आधार घेऊन पंचायत सचिवांकडे लगेच जावं. "तेरवी झाल्यावर जातो" असं करू नका, हा पैसा लाकडांसाठीच आहे.

याच संबलमध्ये नोंदणीकृत माणूस आजारानं किंवा साध्या मरणानं गेला तर वारसाला २ लाख, आणि अपघातानं गेला तर ४ लाख अनुग्रह रक्कम आहे. ती मात्र उशिरा येते. महिने लागतात. म्हणून त्या पैशाच्या भरवशावर आज उधारी उचलू नका. "चार लाख येणारच आहेत" म्हणून तेरवीला मंडप मोठा केला आणि मग वर्षभर व्याज भरत बसले, अशी घरं आम्ही पाहिली आहेत.

आणि एक पाहा. कार्ड घरात आहे म्हणजे नोंदणी चालू आहे असं नाही. समग्रची ई-केवायसी राहिली, तपासणीत अपात्र ठरवलं, नावात फरक पडला, असं खूप वेळा होतं आणि घरच्यांना मयतीच्या दिवशी कळतं. कियोस्कवर जाऊन समग्र आयडी टाकून पाहायला पाच मिनिटं लागतात.

गरिबी रेषेखालचं घर असेल आणि कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय परिवार सहायता योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. इथं मरणाचं कारण पाहत नाहीत, म्हणजे पोस्टमॉर्टेम नसलेल्या घरालाही हा रस्ता उघडा आहे. बाई कमावती असेल तर तिच्या मृत्यूनंतरही अर्ज करता येतो. हे मुद्दाम लिहितो, कारण बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायांना घरचे "कमावती" म्हणून मोजतच नाहीत.

बुडून, सापानं किंवा विजेनं मृत्यू झाला तर तहसीलचा रस्ता आहे. राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ नावाचा नियम आहे, त्यात अशा मृत्यूला ४ लाखांची आर्थिक सहायता आहे. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. तिथं मर्गाची नक्कल, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आणि पटवाऱ्याचा अहवाल लागतो. पुन्हा तोच पंचनामा.

मग आपल्या धंद्याचा विमा. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे : अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात भरती झालं तर २५,००० पर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, मच्छीमाराला एक रुपया लागत नाही. वय १८ ते ७०. पण नाव यादीत असलं पाहिजे, आणि यादी मत्स्य विभागाकडे जाते ती समितीमार्फत. फुकट आहे म्हणून काही सभासद आधारची झेरॉक्स द्यायलाही टाळतात, याचं आम्हाला खरंच नवल वाटतं. हा विमा अपघाताचा आहे हे लक्षात ठेवा. पाण्यावर असताना हृदय बंद पडलं तर तो अपघात धरत नाहीत. बुडून मेला की झटक्यानं, हे ठरवणारा कागदही पोस्टमॉर्टेमच.

बँकेचे दोन विमे २०१५ पासून आहेत. जीवन ज्योती : वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख, ५० वर्षांपर्यंत घेता येतो, ५५ पर्यंत चालतो. सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, ७० वर्षांपर्यंत. दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्यात आपल्याकडे तळी आटलेली असतात, हातात पैसा नसतो, खातं रिकामं असतं, आणि नेमके तेव्हाच हप्ते कापतात. खात्यात ४५६ रुपये नसले की विमा गुपचूप बंद पडतो. म्हणून एप्रिलमध्येच तेवढे पैसे टाकून ठेवा. जीवन ज्योती नव्यानं घेतल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाताचा मृत्यू धरतात, म्हणजे माणूस खाटेवर पडल्यावर काढून उपयोग नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, तेवढ्यात शुल्क लागत नाही. नंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर स्वतःच्या सहीनं साक्षांकित केलेला कागद आणि परवानगी, वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते. आपले बरेच आजारी नागपूरला नेतात. तिथं माणूस गेला तर दाखला नागपूरचाच निघेल, आणि तो इथं चालतो, पुन्हा पंचायतीत नोंद करायची गरज नाही. अपघाताचा जखमी नागपूरला दगावला तर पोस्टमॉर्टेम तिथंच होतं आणि तिथले पोलीस कागद आपल्याकडच्या ठाण्याला पाठवतात. ते कागद पोहोचले का, हे विचारायला आपल्यालाच जावं लागतं. आपल्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर २०२५ पासून मोफत शववाहनाची सोय सुरू झाली आहे. खाजगी गाडी ठरवण्याआधी दवाखान्यात तेवढं विचारा.

एवढं सगळं वाचून लक्षात आलं असेल की ५,००० सोडले तर बाकी सगळा पैसा नंतरचा आहे. मग त्या दिवशी काय? त्या दिवशी शेजारी आणि समाज. पूर्वी प्रत्येक घरातून एक-एक लाकूड यायचं, पायलीभर तांदूळ यायचे. आता लाकूड विकत घ्यावं लागतं अन् शेजारी "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून जातो. रडणारा माणूस काय सांगणार?

आफ्रिकेत इथिओपिया देशात इद्दिर नावाची पद्धत आहे. एका वस्तीतली घरं दर महिन्याला थोडे पैसे जमा करतात. कोणाकडे मयत झाली की ठरलेली रक्कम त्याच वेळी घरी पोहोचते. तंबू, बाकं, मोठी भांडी इद्दिरच्या मालकीची असतात, ती येतात, आणि सभासद पाळीनं घरी बसायला येतात. गरिबांनीच उभी केलेली गोष्ट आहे ही. आपल्याकडे समिती आहे, वही आहे, बँकेत खातं आहे, महिन्याची सभा होते. मग मयत फंड करायला अडचण कोणती? आमच्या मनात असं आहे की महिन्याला प्रत्येक घरानं २० रुपये द्यावे. ५० घरं धरली तर वर्षाचे १२,००० होतात. मयतीच्या घरी ३,००० रुपये त्याच दिवशी, अर्ज नाही, सही नंतर. यात भांडण होईल हेही आम्हाला दिसतं : ज्यानं सहा महिने भरलेच नाहीत त्याच्या घरी मयत झाली तर द्यायचे की नाही? आमचं मत द्यावे असं आहे. अध्यक्षांचं मत वेगळं आहे. सभेत ठरवू.

तेरवीबद्दल बोललो तर काही जण रागावतील, तरी बोलतो. गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावतीकडचे. कर्ज काढून जेवणावळी घालू नका हे ते गावोगाव सांगत फिरले, १९५६ मध्ये देह ठेवेपर्यंत. आपल्या घरात त्यांचा फोटो असतो आणि तेरवीला चारशे पानं उठतात. सरणाचा खर्च टळत नाही. तेरवीचा खर्च किती करायचा हे आपल्या हातात आहे, पण ते मयतीच्या घरानं म्हणायचं नसतं, भाऊबंदांनी पुढं होऊन म्हणायचं असतं. त्या घराला "लोक काय म्हणतील" याचं भय असतं, अन् ते लोक आपणच आहोत.

येत्या मासिक सभेला येताना एक प्लास्टिकची पिशवी आणा. तीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार, समग्र आयडी, संबल कार्ड, बँकेचं पासबुक आणि समितीचं सभासद कार्ड. पासबुकावर वारसाचं नाव लागलं आहे का, ते आम्ही तिथंच पाहून देऊ. नाव लागलं नसेल तर दुसऱ्या दिवशी सोबत बँकेत जाऊ. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी घरच्या बाईला पाठवा. खरं तर तिलाच पाठवा, कारण पिशवी कुठं ठेवली हे शेवटी तिलाच माहीत असायला पाहिजे.