बिलांची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

प्रश्न : आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. वीज गेली तेव्हापासून कॉम्प्युटरमधली दुसरी हार्ड डिस्क दिसत नाही. सगळी बिलं तिच्यातच आहेत. फॉरमॅट करू का?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : फॉरमॅट मुळीच नको! आधी कान देऊन ऐका. टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा; पुन्हा पुन्हा चालू केलं की नुकसान वाढतं. मग डेटा रिकव्हरीवालाच गाठा. आवाज नसेल तर प्लग काढून सॅटाच्या दोन्ही केबल, 7 पिनांची डेटाची आणि 15 पिनांची विजेची, नीट बसवा. डेटा केबल बदलून, दुसऱ्या पोर्टलाही लावून पाहा. बायोसमध्ये डिस्क दिसली, पण विंडोजमध्ये नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्हचं अक्षर गेलं असेल तर ते द्या. ‘इनिशियलाइज’ विचारलं तर नकार द्या. डिस्क दिसताक्षणी बिलांची प्रत बाहेर काढा.