घाटातली एमटीबी : कोणता पार्ट आधी बदलायचा, किती खर्च करायचा?

कापूरहोळ हे सायकलवाल्यांचं नाक्याचं ठिकाण आहे. इथून भोरकडे वळलं की भाटघर आणि नीरा देवघरच्या पाण्याकाठचे चढउतार लागतात आणि पुढे वरंध घाट. दुसऱ्या बाजूला केतकावळे-नारायणपूरचा रस्ता पुरंदरच्या पायथ्याला चढतो. नसरापूरवरून वेल्ह्याकडे गेलं तर राजगड-तोरण्याच्या पायथ्याचे रस्ते. पावसाळ्यात तिथला चिखल टायर आणि चेन दोन्ही भरून टाकतो. या भागात दिसणाऱ्या बऱ्याच एमटीबी (माउंटन बाइक) दहा ते वीस हजारांच्या असतात : २१ गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क. वर्ष-दीड वर्षात ब्रेक किंचाळायला लागतात, चढावर गिअर पुरत नाही आणि घरात चर्चा सुरू होते, आता काय बदलायचं?

उत्तर आधीच सांगतो. पहिला पैसा ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा चेन आणि गिअरवर. शॉकअप सगळ्यांत शेवटी. कोणताही पार्ट घेताना दोन गोष्टी पाहा : तो आपल्या घाटात टिकेल का, आणि बिघडला तर गावातल्या मिस्त्रीला जमेल का. पुणं इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी तिथे जावं लागलं, तर तो पार्ट दिसतो त्यापेक्षा महागच पडतो.

पुढचे भाव सर्वसाधारण बाजारातले, अंदाजाचे आहेत. ब्रँड आणि दुकानानुसार ते वरखाली होतील.

आधी सर्व्हिसिंग, मग खरेदी

निम्म्या तक्रारी नवा पार्ट न घेताच मिटतात. रिमचा आउट काढणं, गिअर आणि ब्रेकच्या केबल बदलणं, हबचे छर्रे साफ करून ग्रीस भरणं, बॉटम ब्रॅकेट तपासणं याला मजुरी आणि किरकोळ सामान धरून ८०० ते २,००० रुपये लागतात. केबल गंजली असेल, तर महागडा डिरेल्युअर लावूनही गिअर अडकतच राहतो. म्हणून ओव्हरहॉलिंग झाल्यावर चार दिवस सायकल चालवा आणि मगच पार्टची यादी करा.

ब्रेक : इथे काटकसर नको

डिस्क ब्रेकचे पॅड २५० ते ७०० रुपयांना जोडी मिळतात. पॅडवरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की वाट पाहू नका. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण पाऊस-चिखलात लवकर झिजतात. सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात आणि लांब उतारावर तापूनही धरतात. मात्र डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असेल, तर सिंटर्ड लावू नका, डिस्क लवकर खराब होते. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा हळूहळू ब्रेक दाबा. पॅड डिस्कवर नीट बसल्याशिवाय घाट उतरू नका.

केबलवर चालणारी डिस्क काढून हायड्रॉलिक लावायची असेल, तर दोन्ही चाकांचा साधा संच ४,५०० ते ७,००० रुपयांना पडतो. बोटभर दाबात सायकल थांबते, हाताला कळ लागत नाही. ज्यांना नेहमी ओझ्यासह घाट उतरावा लागतो, त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. पण त्यातलं तेल बदलणं आणि हवा काढणं यासाठी जाणकार हात लागतो आणि प्रत्येक ब्रेकमागे ४०० ते ८०० रुपये जातात. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही इतर ब्रँडना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतले रबरी सील निकामी होतात.

सायकलला साधे व्ही-ब्रेक असतील आणि फ्रेमवर डिस्कची जागाच नसेल, तर वेल्डिंग करून डिस्क बसवण्याच्या फंदात पडू नका. २०० ते ४०० रुपयांचे चांगले ब्रेक-शू आणि नव्या केबल घाला.

टायर : आकडा वाचून घ्या

‘सत्तावीस-पाचचा टायर द्या’ एवढ्यावर थांबू नका. टायरच्या बाजूला ५४-५८४ असा आकडा छापलेला असतो. पहिला भाग रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एमटीबीत २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीस इंचीला ५८४ आणि २९ इंचीला ६२२. दुसरा भाग जुळलाच पाहिजे.

भारतीय बनावटीचा टायर ६०० ते १,००० रुपये, आयात केलेला १,५०० ते ३,५०० रुपये. ट्यूब २०० ते ४०० रुपये. रोज डांबरावर आणि अधूनमधून कच्च्या रस्त्यावर चालवत असाल, तर मधोमध गुळगुळीत पट्टा आणि कडेला गुठळ्या असलेला टायर घ्या. वेल्ह्याच्या बाजूला पावसात फिरणाऱ्यांनी मोकळ्या, दूर दूर गुठळ्यांचा टायर पाहावा, त्यातून चिखल निघून जातो. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरा. सत्तर किलोच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये साधारण ३० ते ४० पीएसआय पुरते. काटा असलेला पंप ८०० ते १,५०० रुपयांना मिळतो आणि घरातल्या सगळ्या सायकलींना उपयोगी पडतो.

चेन आणि गिअर : चढाचं गणित

चेन पट्टीने मोजा. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य बरोबर आला पाहिजे. तो एक सोळांश इंच पुढे सरकला की चेन बदला. सात-आठ स्पीडची चेन ५०० ते १,००० रुपयांत येते. उशीर केला तर झिजलेली चेन मागचे आणि पुढचे दातेही खाते आणि बिल अडीच-तीन हजारांवर जातं.

चढ जड जात असेल तर मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा. बऱ्याच स्वस्त सायकलींत ते २८ असतात. पुढे २४ आणि मागे २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात साडेसत्तावीस इंची सायकल साधारण १.८६ मीटर जाते. मागे ३४ केले की १.५३ मीटर. म्हणजे नारायणपूरच्या चढावर पायावरचा भार जवळपास अठरा टक्क्यांनी हलका होतो. १४-३४ चं सात स्पीड फ्रीव्हील ७०० ते १,२०० रुपयांना मिळतं. चढणाऱ्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी बदल नाही. फक्त मागचा डिरेल्युअर ३४ दाते पेलतो का ते विचारा आणि चेन पुरेशी लांब आहे का तेही तपासून घ्या.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांत गोंधळ करू नका. दाते उलटे फिरवून पाहा. मधली, हत्यार अडकवायची जागा स्थिर राहिली तर फ्रीव्हील, दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट. आठ स्पीडची कॅसेट १,२०० ते १,८०० रुपयांना पडते. मात्र फ्रीव्हीलच्या चाकावर ती बसत नाही, त्यासाठी ४,००० ते ६,००० रुपयांचं मागचं चाकच घ्यावं लागतं. वजनदार माणसाच्या सायकलच्या मागच्या चाकाची दांडी (अ‍ॅक्सल) खडबडीत रस्त्यावर वारंवार वाकत असेल तरच हा खर्च करा, कारण कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाकडे असतं आणि दांडीला आधार मिळतो.

शॉकअप : मोह आवरा

चांगला हवेवरचा शॉकअप १५,००० ते ३०,००० रुपयांना येतो. त्याची नळी, अ‍ॅक्सल आणि डिस्कची जागा आपल्या फ्रेमला जुळली पाहिजे, शिवाय उंची वाढली तर सायकलचा तोल बदलतो. वीस हजारांच्या सायकलला हा खर्च शोभत नाही. तेवढ्या पैशांत टायरची हवा नीट ठेवणं, चांगली मूठ (३०० ते ८०० रुपये) आणि मजबूत पेडल (६०० ते २,००० रुपये) हे सगळं होऊन पैसे उरतात.

बजेट ठरवताना

• २,००० रुपये : सर्व्हिसिंग, नवे पॅड, केबल.
• ५,००० रुपये : वरचं सगळं, शिवाय ३४ दात्यांचं फ्रीव्हील, चेन आणि एक चांगला टायर. महामार्गावर जात असाल तर मागचा लाल दिवा आधी घ्या.
• १०,००० रुपये : दोन्ही टायर आणि हायड्रॉलिक ब्रेक.

पार्ट आणि मजुरी मिळून खर्च सायकलच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल तर थांबा. ती सायकल चालती ठेवून पैसे साठवा आणि पुढची घ्या. कॅसेटचा हब आणि हायड्रॉलिक ब्रेक कंपनीतूनच बसलेली सायकल, तेच पार्ट सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुकानात काय मागायचं

पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, बिलावर तो तपासा. बंद खोक्यावरच्या छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. आयात मालावर आयातदाराचं नाव असायला हवं, ते नसेल तर नकली माल असण्याची शक्यता धरा. पार्ट बसला नाही तर परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुना पार्ट बरोबर घेऊनच दुकानात जा. सगळं एकदम बदलण्यापेक्षा ब्रेकपासून सुरुवात करा. घाट चढताना दम लागला तर उतरून ढकलता येतं, उतारावर मात्र ब्रेकलाच काम करावं लागतं. मुलाला किंवा मुलीला कॉलेजला जायला सायकल देत असाल, तर या महिन्याचा पहिला खर्च ब्रेकच्या पॅडचाच करा.