समदुःखितांची परस्पर सेवा
(मंडळ्यांतील उपदेशक व अभ्यासवर्ग यांच्याकरिता पाठ)

आपल्या खेड्यात कोणी आजारी पडला म्हणजे पहिले आठ-पंधरा दिवस त्याच्या दाराशी माणसांची ये-जा असते. कोणी दूध आणून देतो, कोणी दवाखान्यात नेण्याची सोय करितो, कोणी रात्री उशाशी बसतो. परंतु दुखणे महिन्यांवरून वर्षांवर गेले म्हणजे येणारांची पावले हळूहळू थांबतात. ह्यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. पेरणी येते, निंदणी येते, कापसाची वेचणी येते. निरोगी मनुष्यास आपल्या कामाच्या मागे जावेच लागते. ज्याचे दुखणे जन्माचे आहे त्याला मात्र दररोज सकाळी त्याच दुखण्यासह उठावे लागते. अशा मनुष्याचा सोबती कोण व्हावा, हा आजच्या पाठाचा प्रश्न होय. त्याचे एक उत्तर असे आहे की, ज्याने तेच दुखणे सोसले आहे, त्याच्याइतका चांगला सोबती दुसरा मिळणे कठीण. हे कसे, ते आपल्या वऱ्हाड-विदर्भात सर्वांस ठाऊक असलेल्या कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून पाहू.

१. दुखत नाही हेच दुखणे

ह्या रोगास आपल्याकडे पूर्वी महारोग किंवा रक्तपिती म्हणत. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, शापही नव्हे. नॉर्वे देशातील डॉक्टर हान्सेन ह्यांनी १८७३ साली त्याचे जंतू शोधून काढिले. बहुतेक लोकांच्या शरीरात ह्या जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती सुचविली. ही औषधे सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, आणि सहा किंवा बारा महिने नेमाने घेतल्यास रोग बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या मनुष्यापासून इतरांस लागण होण्याचे भय राहत नाही.

तथापि रोग गेला तरी त्याने मारलेल्या नसा पुष्कळदा पुन्हा जिवंत होत नाहीत. हाताची बोटे वाकडी राहतात, तळपाय बधिर राहतात. बोटे रोगाने सडून गळतात असा लोकांचा समज असतो, परंतु तो खरा नाही. वेल्लोर येथे डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी असे दाखवून दिले की, वेदना कळत नसल्यामुळे भाजणे, कापणे, रुतणे ह्यांकडे दुर्लक्ष होते, आणि त्या जखमांनीच अवयवांचा नाश होतो. पऱ्हाटीचा खुंट पायात शिरला तरी असा शेतकरी संध्याकाळपर्यंत त्याच पायाने चालत राहतो. चुलीवरचे तापलेले भांडे अशी बाई सांडशीवाचून उचलते, आणि फोड आल्यावर तिला ते कळते. सारांश, ज्याला दुखत नाही, त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज असते.

२. वेशीबाहेर जमलेली माणसे

पूर्वी अशा मनुष्यास घर आणि गाव सोडावे लागे. १८९८ साली कायदाही असा झाला की, त्या अन्वये निराधार रोग्यांस धरून आश्रमात ठेवता येत असे. त्यांच्या सेवेसाठी वेलेस्ली बेली ह्यांनी १८७४ साली जी मिशन संस्था काढिली, तिचे काम आपल्याही भागात आहे. अमरावती जिल्ह्यात कोठारा येथील तिचे रुग्णालय पुष्कळांस ठाऊक असेल. अमरावतीजवळच डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली तपोवन वसविले. पुढे १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर बाबा आमटे व साधनाताई ह्यांनी सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाची सुरुवात केली. त्याचे उद्घाटन विनोबा भावे ह्यांच्या हस्ते झाले.

आनंदवनात जे घडले ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तेथे रोग्यांस केवळ अन्न व औषध देऊन बसवून ठेविले नाही. त्यांनीच विहिरी खणल्या, जमीन लागवडीस आणिली, घरे बांधिली. एकाची बोटे गेली असतील तर त्याचे खांदे चांगले असत. दुसऱ्याचे पाय अधू असतील तर त्याचे हात चालत. पुढे अंध, मूकबधिर व अपंग माणसेही तेथे येऊन राहिली, आणि एकाची उणीव दुसऱ्याच्या बळाने भरून निघू लागली. ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, त्यांच्या श्रमाने तेथे महाविद्यालय उभे राहिले व आसपासची निरोगी मुले त्यात शिकू लागली. नवीन आलेल्या निराश मनुष्यास जुन्या रोग्याचा कामात गढलेला हात दिसे. 'तुझेही असेच होईल' हे त्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नसे.

३. आजचा एकांत

आता काळ पालटला आहे. १८९८ चा तो कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूदही २०१९ साली काढून टाकण्यात आली. रोगी घरीच राहून औषध घेतो, व ही फार चांगली गोष्ट आहे.

परंतु ह्या चांगल्या गोष्टीमागून एक नवी अडचण आली आहे. आश्रमात गेलेल्या मनुष्याचे गाव तुटत असे, पण त्याला सोबती मिळत. आज घरी राहणाऱ्याचे गाव टिकते, पण त्याचा सोबती हरवतो. घाटावरच्या एखाद्या लहान गावी असा एकच मनुष्य असेल, आणि दुसरा चार कोसांवरच्या गावी. दोघेही आपले हात उपरण्याखाली झाकून बाजारात येतात, आणि एकमेकांस ओळखूनही न ओळखल्यासारखे करितात. जखम चिघळली तरी 'पुन्हा तो रोग आला असे लोक म्हणतील' ह्या भीतीने ते दवाखान्यात जात नाहीत. अशा रीतीने औषधाने वाचविलेला पाय लाजेपायी जातो. आश्रमातील सोबत आता गावातच कशी देता येईल, हे आपणांस पाहावयाचे आहे.

४. पाच-सहा जणांची बैठक

आफ्रिकेतील इथिओपिया देशात १९९५ साली अलर्ट नावाच्या संस्थेने असे गट सुरू केले की, ज्यांत कुष्ठरोगातून बरे झालेले लोक एकत्र जमून आपल्या जखमांची काळजी आपणच घेत. ही रीत पुढे इतर देशांतही पसरली. तीस इमारत लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा कोणत्याही बाजाराच्या गावी, बाजाराच्याच दिवशी, कोणाच्या ओसरीवर ती चालू शकेल. त्या दिवशी येण्याजाण्यास कारण सांगावे लागत नाही.

बैठकीत करावयाची कामे साधी आहेत. प्रत्येकाने आपले पाय अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावे. पाणी गरम नाही ना, हे ज्याच्या हातास स्पर्श कळतो त्याने पाहावे. मग वजरीने कठीण झालेली कातडी हळूच घासावी, आणि पाय ओला असतानाच त्यास तेल चोळावे, म्हणजे भेगा पडत नाहीत. त्यानंतर एकाने दुसऱ्याचे तळवे, टाचा व बोटांच्या सांधी उजेडात पाहाव्या. कोठे लाली, ऊब, फोड किंवा काटा आढळल्यास त्याचे त्यास सांगावे. पादत्राणांत खिळा वर आलेला नाही ना, हेही पाहावे. ज्याची पापणी मिटत नाही त्याच्या डोळ्यात कचरा नाही ना, ते सोबत्याने पाहावे. तळपायास जखम असल्यास ती स्वच्छ धुऊन कापडाने झाकावी, आणि त्या पायावर भार देऊ नये. विश्रांती मिळाल्याने अशा पुष्कळ जखमा भरून येतात.

ही तपासणी घरची माणसे करू शकणार नाहीत काय? करू शकतील, व त्यांनी करावीच. परंतु मुलाने किंवा सुनेने पायाला हात लावावा ह्याचा कित्येकांस संकोच वाटतो. समदुःखिताचा संकोच वाटत नाही, कारण आता त्याने आपला पाय पाहिला, तर थोड्या वेळाने आपण त्याचा पाहणार असतो. ह्या सेवेत देणारा व घेणारा असे दोन वर्ग राहत नाहीत. वर्षानुवर्षे ज्याने केवळ घेतलेच, त्यास आपणही काही देऊ शकतो हे कळणे मोठ्या मोलाचे आहे.

बैठकीचा आणखी एक उपयोग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगतेस मान्यता आहे, व कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचाही त्यांत समावेश होतो. प्रमाणपत्र कसे काढावे, तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कसा द्यावा, हे ज्याने एकदा करून पाहिले आहे त्याने दुसऱ्याबरोबर जावे. कागद वाचून जे कळत नाही, ते अशा सोबतीने कळते.

५. मर्यादा

तथापि सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याने आपल्या वाट्याची औषधे दुसऱ्यास देऊ नयेत, व झाडपाल्याचे प्रयोग सांगू नयेत. हाताची किंवा पायाची शक्ती एकाएकी कमी झाली, नस दुखू लागली, डोळा लाल झाला किंवा अंगावरचे चट्टे सुजून तांबडे झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे हे सोबत्याचे कर्तव्य होय. नसांची नवी इजा वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा सुधारते. काही महिने दवडिल्यास कायमची होते. दुसरी मर्यादा जिभेची. बैठकीतील गोष्ट पाणवठ्यावर किंवा पारावर जाऊ नये, नाहीतर पुढल्या बाजारी कोणी येणार नाही. तिसरी अशी की, 'माझे दुःख तुझ्याहून मोठे' अशी तुलना करू नये. उपदेशक बंधूंनी बैठक जमविण्यास साहाय्य करावे, परंतु तिचे पुढारीपण रोग्यांच्याच हाती ठेवावे. निरोगी मनुष्य मध्ये बसून बोलू लागला की बाकीचे श्रोते होऊन बसतात.

६. हीच रीत इतरांस

वाचकांपैकी कोणी म्हणेल, 'आमच्या गावात कुष्ठरोगी नाही.' नसेल, पण मधुमेही आहेत. जुन्या मधुमेहानेही तळपाय बधिर होतात, जखम कळत नाही, आणि शेवटी पाय कापण्याची पाळी येते. पाय पाहण्याची वर सांगितलेली रीत त्यांनाही तितकीच हितकर आहे. फक्त त्यांनी पाय फार वेळ भिजवू नये व कातडी घासू नये, ते डॉक्टरांस विचारून करावे. पक्षाघात झालेले, मूत्रपिंडाच्या रोगाने जर्जर झालेले, सिकलसेलच्या वेदना सोसणारे, दृष्टी गेलेले असे किती तरी जण आपापल्या घरात एकेकटे बसून आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे मोठे खर्चाचे काम नाही. त्यास थोडी पायपीट आणि थोडी लाज सोडणे एवढेच लागते.

अभ्यासवर्गाकरिता प्रश्न

१. आपल्या गावी व शेजारच्या दोन गावी दीर्घकाळ आजारी किंवा अपंग असे कोण आहेत? त्यांपैकी कोणाची एकमेकांशी ओळख आहे?
२. बधिर पायास दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज का असते, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. आनंदवनातील माणसांस आपली योग्यता कशाने पटली? केवळ अन्नवस्त्र मिळाल्याने ते झाले असते काय?
४. बैठक आपण जमविली, तर तिचे पुढारीपण कोणाकडे असावे व का?
५. येत्या बाजाराच्या दिवशी आपण कोणत्या दोन माणसांची भेट घडवून आणाल?