जुन्या मोटारीतील थंडावा जातो कोठे?

पौर्णिमेला गाणगापुरात येणाऱ्या मोटारींकडे पाहावे, त्यांतील कितीतरी पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या आढळतील. काही भाड्याच्या, काही थोरल्या भावाने धाकट्याला दिलेल्या. आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि मागच्या बाकावर बहुधा घरातील वडीलधारी माणसे बसलेली असतात. अशा वेळी वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण सर्वजण एसी म्हणतो, गरम वारा फेकू लागले म्हणजे मोठी पंचाईत होते. मग मिस्त्रीकडे जावे तर निदान ठरलेले: 'गॅस संपला, भरून घ्या.' पैसे जातात, दहा-पंधरा दिवस गार वारा येतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे निदान अपुरे का, हे समजण्यास फार विज्ञान लागत नाही. हातावर स्पिरिट ओतले असता ते उडून जाताना हात गार पडतो. माठातले पाणीही ह्याच न्यायाने गार होते. मोटारीच्या यंत्रात आर-१३४ए नावाचा पदार्थ हेच काम करतो. मोकळ्या हवेच्या दाबाखाली तो शून्याच्या खाली २६ अंशांवरच उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो. पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये ती उष्णता टाकून द्रव होते. तो द्रव बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्ये जाऊन पुन्हा उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. तोच पदार्थ पुनःपुन्हा फिरत राहतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. रबरी नळ्यांतून व कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

पण थंडावा जाण्याचे कारण दर वेळी गॅसच असते असेही नाही. म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी काही गोष्टी आपण स्वतः पाहाव्या. प्रथम वारा पाहावा. वारा गार आहे पण फार थोडा येतो, असे असेल तर दोष फिल्टरमध्ये, धूळ बसलेल्या कॉइलमध्ये किंवा ब्लोअरमध्ये. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेला असे बहुधा समजावे. तासभर प्रवासानंतर वारा कमी होत जातो, आणि एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला की थोड्या वेळाने पूर्ववत होतो, ह्याचा अर्थ कॉइलवर बर्फ धरतो आहे. तेथे गॅसवाल्याकडे न धावता थर्मोस्टॅट तपासून घ्यावा.

वारा भरपूर आहे पण गरम आहे, तर बॉनेट उघडावे. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला एसीचे बटन दाबावयास सांगावे. 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाची चकती पुलीबरोबर फिरू लागली पाहिजे. (पदर, ओढणी व हात पट्ट्यापासून दूर असावेत.) चकती स्थिरच राहिली तर फ्यूज, रिले, वायर किंवा झिजलेला क्लच, ह्यांपैकी एक, अथवा गॅस इतका उतरला आहे की दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. फ्यूज काही रुपयांत मिळतो, म्हणून तोच आधी पाहावा.

आमच्या भागात विशेष आढळणारा दोष निराळाच. रस्त्यावर गाडी पळत असता वारा गार, आणि दर्शनाच्या रांगेपाशी उभी राहिली की गरम! येथे कंडेन्सरचा पंखा बंद असतो किंवा त्याच्या पात्यांत काळ्या मातीची धूळ व तुरीचा भुसा बसलेला असतो. पंखा फिरतो का ते पाहावे, आणि पाती वाकणार नाहीत अशा बेताने हलक्या धारेने धुवावीत. उभ्या गाडीविषयी आणखी एक सांगून ठेवतो: इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कोणीही झोपू नये, विशेषतः मुलांना झोपवू नये. जुन्या सायलेन्सरमधून गळणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्यास वासही नसतो, आणि तो प्राण घेतो.

ह्यापुढचे काम मिस्त्रीचे. तरी ते कळलेले बरे. तो दोन नळ्यांचे गेज लावतो. यंत्र चालू असता दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील तर गॅस कमी आहे; कमी दाबाच्या बाजूचा हवा त्याहून जास्त व जास्त दाबाच्या बाजूचा हवा त्याहून कमी असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे; दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सर तापतो आहे किंवा गॅस अधिक झाला आहे. मात्र बंद यंत्रावरचा दाब पाहून 'गॅस पुरेसा आहे' असे कोणी म्हणाले तर ते मानू नये. ३० अंश उष्णतेला आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पौंड असतो, मग आत द्रव पावशेर असो की अर्धा किलो. द्रवाचा थेंब शिल्लक असेतो दाब तोच राहतो. म्हणून गॅस दाबावर नव्हे, तराजूवर भरावयाचा. किती ग्रॅम हे बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

गळती शोधणे आपल्या धुळीच्या रस्त्यांमुळे एका परीने सोपे आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. जेथून गॅस सुटतो तेथे तेल येते आणि त्यावर धूळ चिकटून काळा, तेलकट डाग पडतो. संशयाच्या जागी साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. पुष्कळदा एखादी रबरी रिंग बदलून काम भागते. दुरुस्तीनंतर पंपाने अर्धा तास तरी आतली हवा पूर्ण ओढून घेणे अत्यावश्यक आहे, कारण आत राहिलेली वाफ व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी गोठते. गाडी मग थोडा वेळ गार, थोडा वेळ गरम वारा देते, आणि तोच ओलावा पुढे आम्ल बनवून धातू खातो.

फार जुन्या, १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या थरास तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्यावर बंधन आले. भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला, आणि दम्याच्या फवाऱ्यांपुरता अपवाद सोडून येथील उत्पादन २००८ साली थांबले. अशा गाडीत नुसता नवा गॅस ओतून चालत नाही. जुने तेल काढून नव्या गॅसला मानवणारे तेल, रिंगा व ड्रायर घालावे लागतात. काही ठिकाणी स्वस्त पडते म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देतात. तो मुळीच घेऊ नये. कूलिंग कॉइल आपल्या गुडघ्यांसमोर, गाडीच्या आत असते; ती गळली तर एका ठिणगीने गाडी पेट घेईल.

मिस्त्रीने गॅस किती ग्रॅम भरला, कोणता भरला व कोणती रिंग बदलली, हे त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावे व ते गाडीच्या कागदांबरोबर ठेवावे.