दहा हजारांवर दहा हजार

"पहिल्यांदा दहा हजार भरा, दहा हजार आमच्याकडून." अशा मजकुराचे संदेश बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या वाटेने येतात. खाली लिंक, लिंकवर हिरव्या कापडाचं टेबल आणि टेबलामागे पत्ते वाटणारी खरीखुरी मुलगी. ती त्या क्षणी कुठल्यातरी स्टुडिओत उभी असते. या धंद्यातली सर्वांत मोठी मानली जाणारी एव्होल्यूशन ही कंपनी २००६ साली सुरू झाली आणि लॅटव्हियातल्या रिगा शहरातल्या स्टुडिओंतून वाढली. पत्ता कॅमेऱ्याखाली येतो, यंत्र तो वाचतं आणि तिकडे चिखलीतल्या किंवा मलकापुरातल्या मुलाच्या खात्यात बेरीज-वजाबाकी होते. समोर माणूस दिसतो, म्हणून विश्वास बसतो. त्यात खेळ ओळखीचे, अंदर-बाहर आणि तीन पत्ती. चक्री, बिंगोच्या दुकानात जायला जो लाजला असता, तो घरात गोधडीखाली बसून हे खेळतो.

त्याला 'लाइव्ह कॅसिनो' म्हणतात, आणि आत ओढणारा हात बोनसचा असतो.

चिखली तालुक्यातला एक पदवीधर शेतकरी तरुण सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर अशा एका साइटवर गेला. गावातल्याच एकाने त्याला 'आयडी' मिळवून दिला होता. काही आठवड्यांनी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या खात्यात रक्कम दिसत होती, भरलेल्या पैशांपेक्षा जास्तच. "पैसे तर दिसून राह्यले भाऊ, पन निघून नाई राह्यले," एवढंच तो म्हणत होता. काढायला गेलं की पडद्यावर एकच ओळ यायची, बोनसची अट अपूर्ण आहे. ती अट त्याने वाचली नव्हती. ती होती एका लांबलचक इंग्रजी पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, आणि बोनसचं बटण वर, मोठं. त्याचा दोष मला फार वाटत नाही. ज्या पानावर बटण मराठीत असतं आणि अटी इंग्रजीत असतात, तिथे कोणी काय वाचावं हे मांडणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

आम्ही वही घेऊन बसलो. त्या रात्री जो हिशेब निघाला तो इथे देतो, कारण थोड्याफार फरकाने सगळ्या बोनसांचा हिशेब असाच निघतो.

दहा हजारांवर दहा हजार बोनस. अट अशी की बोनसच्या ३५ पट रकमेचे डाव खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दहा हजार गुणिले ३५, म्हणजे साडेतीन लाख. हे साडेतीन लाख खिशातून भरायचे नसतात, तेच पैसे फिरवत राहायचं असतं. पण प्रत्येक फेरीत साइट आपला वाटा कापते. उदाहरणार्थ, रूलेटच्या चाकावर एक शून्य धरून ३७ घरं असतात. एका घरावर लावलेला आकडा आला तर ३५ पट मिळतात, खरा न्याय्य मोबदला मात्र ३६ पट. हा फरक सरासरी २.७ टक्के पडतो. साडेतीन लाखांवर २.७ टक्के म्हणजे ९,४५० रुपये. 'मोफत' मिळालेल्या दहा हजारांतले साडेपाचशेच सरासरीने उरले.

इथवर ऐकून तो तरुण म्हणाला, तरी साडेपाचशे आपलेच की. खरं आहे. पण पुढची ओळ वाचायची होती.

लाइव्ह टेबलवर खेळलेला डाव या अटीसाठी पूर्ण धरला जात नाही. शंभर रुपये लावले तर दहाच मोजले जातील, असं तिथे लिहिलं होतं. पूर्ण मोजणी फक्त स्लॉट मशीनच्या खेळांची, जिथे साइटचा वाटा सहसा आणखी जास्त असतो. जाहिरातीत मुलगी लाइव्ह टेबलवरची, आणि अटीत लाइव्ह टेबलाची किंमत दहा टक्के. म्हणजे आता साडेतीन लाखांचे डाव पुरत नाहीत, पस्तीस लाखांचे लागतात. पस्तीस लाखांवर २.७ टक्के म्हणजे ९४,५०० रुपये. हातात आहेत स्वतःचे दहा आणि त्यांचे दहा, एकूण वीस हजार. सरासरीने जाणार साडेचौऱ्याण्णव हजार. अट पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी खातं रिकामं होणार हे चाक फिरण्यापूर्वीच ठरलेलं आहे.

पुढे आणखी दोन ओळी होत्या. बोनस चालू असताना एका डावात पाचशेपेक्षा जास्त लावायचे नाहीत, आणि मुदत सात दिवस. पस्तीस लाख भागिले पाचशे, म्हणजे सात हजार डाव. लाइव्ह टेबलवर एका डावाला मिनिटभर धरलं तर ११६ तासांहून जास्त. सात दिवसांचे तास १६८. झोप, जेवण आणि शेतावरची फेरी उरलेल्या ५१ तासांत बसवायची. ही अट कोणी पूर्ण करावी म्हणून लिहिलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, रूलेट सोडा, बॅकारॅट खेळा. खरंच, बॅकारॅटमध्ये 'बँकर' या बाजूवर साइटचा वाटा फक्त १.०६ टक्के आहे. पण पस्तीस लाखांवर तेही ३७ हजार होतात, वीस हजारांच्या जवळपास दुप्पट. त्याच टेबलवर 'टाय'ला, म्हणजे बरोबरीला, आठपट देतात म्हणून जो तिकडे वळतो, त्याच्याकडून सरासरी १४ टक्क्यांहून जास्त कापले जातात. अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात आणि साइटचा वाटा २.१५ टक्के राहतो. दुसऱ्या बाजूला बरोबरीने पैसे देतात, तिथे ३ टक्के. लाल आणि काळा दोन्हीवर सारखे पैसे लावून नुसती उलाढाल वाढवावी, ही युक्तीही पुष्कळांना सुचते. अटींमध्ये तिला गैरखेळ म्हटलेलं असतं, आणि ती सापडली की बोनससकट जिंकलेलं सगळं जप्त.

हा सरासरीचा हिशेब आहे. एखादा जिंकतोही, त्याच्या जिंकण्याचा स्क्रीनशॉट गटागटांतून फिरतो आणि हरणाऱ्या शेकडोंचा कुठेच दिसत नाही. शिवाय हे सगळं साइट प्रामाणिक आहे असं धरून. ती नसेल तर काय होतं, त्याचं मोठं उदाहरण विदर्भातच घडलं.

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका बुकीच्या घरावर छापा घातला. कोट्यवधींची रोकड, सोन्याची बिस्किटं आणि चांदी हाती लागली. त्या वेळचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी माध्यमांना सांगितलेली हकीकत अशी होती. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारातून नफा कमावण्याची गळ घालण्यात आली. तो आधी कचरत होता. मग त्याला व्हॉट्सॲपवर लिंक आली, खातं उघडलं, आणि त्या खात्यात आठ लाख रुपये आधीच जमा झालेले दिसले. सुरुवातीला तो जिंकला. नंतर हरत गेला. एकूण जिंकला सुमारे पाच कोटी आणि हरला तब्बल ५८ कोटी. संशय येऊन त्याने पैसे परत मागितले तेव्हा नकार मिळाला.

ते आठ लाख म्हणजे बोनसच. पुढे अट लिहिलेली नव्हती एवढाच फरक. खात्यात आधीच रक्कम दिसली की माणूस स्वतःला खेळायला बसलेला समजत नाही, मिळालेलं सांभाळायला बसलेला समजतो. आणि हरायला लागल्यावर तो ते 'आपले' आठ लाख परत मिळवायला बसतो. चिखलीच्या त्या तरुणाचे दहा हजार आणि नागपूरच्या व्यापाऱ्याचे आठ लाख यांत शून्यांचा फरक आहे, रीत तीच.

वऱ्हाडाला ही ओढ नवी नाही. खामगावला रेल्वे आली ती १८७० मध्ये, कापसासाठी. ज्या मटक्याने पुढे अर्ध्या महाराष्ट्राला नादी लावलं, त्याची सुरुवातही न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कापसाच्या उघडत्या आणि मिटत्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांतून झाली. ते भाव यायचे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. १९६० च्या दशकात वरळीतून कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी तो राज्यभर नेला. पण वरली-मटक्याच्या आकडेवाल्याला तोंड होतं, तो चौकात भेटायचा. या साइटवर नोंदणीचा पत्ता कुठल्यातरी दूरच्या बेटाचा, बहुधा कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओचा, असतो. पैसे मात्र जातात दर वेळी बदलणाऱ्या यूपीआय आयडीवर, कुणातरी अनोळखी माणसाच्या साध्या बचत खात्यात.

मग जिंकलेले पैसे अडकले तर दाद कुठे मागायची? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेलं वसूल करायला दावा लावता येत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही आहे. राज्याने १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यातले कॅसिनो तिथल्या कायद्याखाली, मांडवीतल्या जहाजांवर आणि पंचतारांकित हॉटेलांत चालतात. मोबाईलवर दिसणाऱ्या टेबलाचा त्या परवान्यांशी संबंध नाही, जाहिरातीत पणजीचा फोटो असला तरी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणवले जाणारे धरून, त्यात बंदीखाली आले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. विधेयक आणताना केंद्र सरकारने दिलेल्या अंदाजानुसार देशातले ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये यात गमावत होते. ड्रीम इलेव्हनसारख्या नावाजलेल्या कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ बंद केले. लपूनछपून चालणाऱ्यांनी मात्र केले नाहीत, त्यामुळे आता जो कोणी 'बोनस' पाठवतो तो कायद्याबाहेरचाच, हे धरून चालायला हरकत नाही. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ही गोष्ट गावोगाव कळायला हवी. पुष्कळजण केवळ आपणच अडकू या भीतीने तक्रार करत नाहीत.

त्या तरुणाला मी सांगितलं ते असं. पडद्यावर दिसणारी रक्कम विसर. अट पूर्ण करायला आणखी एक रुपयाही भरू नकोस. 'टॅक्स भरा मग पैसे सुटतील', 'प्रोसेसिंगचे पाच हजार टाका' असा निरोप येईल. तो आलाच, दुसऱ्याच दिवशी. आधार आणि पॅनचे फोटो मागतील, ते देऊ नकोस. बोनस देताना ओळख कुणीच विचारली नव्हती, पैसे काढतानाच ती का लागावी? ज्या गावकऱ्याने आयडी दिला त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नकोस, त्याला बहुतेक वेळा हरलेल्यांच्या रकमेतून कमिशन मिळतं आणि तो तुला आणखी एक डाव खेळायलाच सांगेल.

आणखी एक मागणी येते, ती सगळ्यांत घातक. हरलेल्या मुलाला म्हणतात, तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, हरलेले पैसे फिटतील. त्या खात्यातून दुसऱ्यांची फसवणूक झालेले पैसे फिरतात, आणि कुठल्यातरी राज्यातल्या तक्रारीवरून एक दिवस ते गोठवलं जातं. आपल्याकडे शेतकऱ्याचं खातं बहुधा एकच असतं. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार, नमो शेतकरी योजनेचे पैसे, पीकविम्याची भरपाई, बाजार समितीतल्या मालाचे पैसे, सगळं त्यातच. ते गोठलं की घर गोठतं, आणि या प्रकरणात खातेदार हा नुसता बळी राहत नाही, आरोपी होऊ शकतो.

बुलढाणा हा विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, ज्यांना २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज द्यावं लागलं होतं. इथे कर्ज हा शब्द कोणत्या थराला जाऊ शकतो हे कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून हरलेल्या मुलाला घरात पहिलं वाक्य काय ऐकू येतं, याला फार महत्त्व आहे. रागावण्याआधी आकडा विचारा, कुणाकुणाचं देणं आहे ते कागदावर घ्या, झटपट कर्ज देणारी ॲप्स फोनमध्ये असतील तर तीही नोंदवा. मुलगा झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झाला असेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १९३०. व्यवहार ताजा असेल तर तास मोजायचे, दिवस नाही, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच अडवता येतात. फोन लावण्यापूर्वी साइटचा पत्ता, बोनसचा संदेश, आयडी देणाऱ्याचा क्रमांक आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. ॲप काढून टाकायची घाई करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्हा पोलिसांच्या सायबर विभागात लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या, आणि ती पोच घेऊन बँकेत जाऊन यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या.